वाळवी ‘लागते’ की ‘येते’? : घराच्या संरक्षणाचा विचार

दाराच्या चौकटीवरील रंग एखाद्या ठिकाणी किंचित फुगून आलेला दिसतो; बोट टेकताच रंगाचा पापुद्रा आत दबतो आणि त्याखाली लाकडाऐवजी ओलसर माती हाताला लागते. अशा प्रसंगी मराठी माणूस ‘चौकटीला वाळवी लागली’ असे म्हणतो. हे वाक्य इतके अंगवळणी पडलेले आहे की त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घराला आग लागते, धान्याला कीड लागते, मुलाला दृष्ट लागते. त्याच घडणीत लाकडाला वाळवी लागते. या सर्व प्रयोगांत बाधित झालेली वस्तू ‘-ला’ हा प्रत्यय घेऊन पुढे येते, बाधा करणारी गोष्ट तिला चिकटते, आणि ती कोठून व कोणत्या वाटेने आली हा प्रश्न वाक्याच्या कक्षेबाहेर राहतो.

गृहस्थ मग वाक्य सांगते तेच करतो. पोखरलेला भाग तासून काढतो, भोकांत रॉकेल ओततो, लांबी भरतो आणि वर नवा रंग देतो. चार-सहा महिन्यांनी दोन हात पलीकडे तोच प्रकार पुन्हा दिसतो. तेव्हा ‘औषध हलके होते’ किंवा ‘लाकूडच खराब होते’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः औषध आणि लाकूड या दोहोंचाही दोष नसतो; चुकलेली असते ती जागा. भाषा विचाराला जखडून टाकते असा टोकाचा सिद्धांत मान्य करण्याचे कारण नाही. तथापि घरगुती उपायांची दिशा पुष्कळदा बोलण्याच्या वळणावरून ठरते, हे या उदाहरणावरून दिसते. महाराष्ट्रातील घरांत आढळणारी बहुसंख्य वाळवी ही लाकडात राहणारी कीड नसून जमिनीत राहणारी आणि लाकडापर्यंत ये-जा करणारी आहे. तिच्यापासून घर राखणे म्हणजे लाकूड राखणे नव्हे, तर जमिनीपासून लाकडापर्यंतची वाट राखणे होय.

क्रियापदाने जी दिशाभूल होते ती नामाने मात्र होत नाही, हे नमूद करण्याजोगे आहे. ‘साखरेला मुंग्या लागल्या’ असे अनेकवचन आपण सहज योजतो. वाळवीच्या बाबतीत तसे होत नाही. ‘वाळव्या’ हे रूप व्याकरणाने शक्य आहे, पण ते बोलण्यात जवळजवळ येत नाही. हजारो प्राणी डोळ्यांसमोर असले तरी ‘वाळवी’ हे एकवचनच राहते. ‘सेना’, ‘जनता’ या समूहवाचक नामांच्या पंक्तीत ते बसते. ही नुसती व्याकरणाची लकब नव्हे. प्राण्याच्या जीवनक्रमाशी ती नेमकी जुळते. वाळवीचा कामकरी सुटा असा जगूच शकत नाही. तो बहुधा आंधळा असतो, त्याला पंख नसतात, त्याला प्रजा होत नाही, आणि त्याची त्वचा इतकी मऊ व पातळ असते की कोरड्या हवेत तो अल्पावधीत सुकून मरतो. अंडी घालण्याचे काम राणीचे, रक्षणाचे काम सैनिकांचे. सैनिकांचे जबडे लढण्यासाठी वाढलेले असल्यामुळे त्यांना स्वतः लाकूड कुरतडता येत नाही. कामकऱ्यांनी भरवावे तेव्हाच त्यांचे पोट भरते. एकाच्या पोटातील अन्नरस दुसऱ्याच्या तोंडात जातो, एकमेकांचे अंग चाटून स्वच्छ केले जाते, आणि अशा रीतीने लक्षावधी जीवांची वसाहत एकाच देहासारखी चालते.

घरमालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की चौकटीत दिसलेली शे-दोनशे वाळवी मारली म्हणजे वसाहतीचे केवळ एक नख तुटले. याच देवघेवीचा उपयोग करून घेणारे उपाय अलीकडे निघाले आहेत, त्यांचा विचार पुढे येईलच.

‘पांढरी मुंगी’ हे पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेले दुसरे नाव मात्र सर्वस्वी फसवे आहे. ते इंग्रजीचे भाषांतर आहे. आपल्या भाषांची ती स्वाभाविक कल्पना नव्हे. संस्कृतात ‘उपदीका’, पालीत ‘उपचिका’, गुजरातीत व त्या सीमेलगतच्या मराठीत ‘उधई’, कानडीत ‘गेद्दलु’, तेलुगूत ‘चेदलु’, मलयाळमात ‘चितल’, तमिळमध्ये ‘करैयान’: यांतील एकही शब्द त्या त्या भाषेतील मुंगीवाचक शब्दापासून बनलेला नाही. भाषिकांनी हा प्राणी निराळा म्हणूनच ओळखला होता. तंजावरच्या परिसरात वाळवीचे निरीक्षण करणाऱ्या योहान गेरहार्ट क्योनिग या निसर्गशास्त्रज्ञानेही १७७९ साली जर्मन भाषेत लिहिलेल्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘तथाकथित पांढऱ्या मुंग्या’ असाच शब्दप्रयोग केला. ‘तथाकथित’ या एका विशेषणात त्याने सगळी शंका व्यक्त केली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या प्रश्नाचा निकाल लावला, आणि वाळवी ही झुरळांच्या गणातच मोडते हे स्थिर झाले. मुंगीशी तिचे नाते असलेच तर ते वैराचे. मुंग्या तिच्या कट्टर शत्रू होत.

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी नाही. मुंगी उघड्यावर हिंडते, म्हणून भिंतीच्या कडेने भुकटीची रेघ ओढली तर ती तिच्यावरून जाते आणि मरते. वाळवी उघड्यावर येतच नाही. तिला कोठेही जावयाचे असले तरी ती माती, लाळ आणि विष्ठा यांची नळी बांधीत जाते आणि त्या नळीच्या आत, अंधारात व दमट हवेत, वावरते. हळद, चुना किंवा मुंग्यांची पावडर यांची रेघ नळीखाली तशीच पडून राहते.

पावसाळ्याच्या तोंडी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचे जे थवे जमतात, त्यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले असे आपण म्हणतो. पण जूनच्या पहिल्या पावसानंतर घरात शिरणारे ते जीव पुष्कळदा वाळवीचे नर-मादी असतात. ओळख सोपी आहे. वाळवीच्या चारही पंखांची लांबी सारखी असते, कंबर जाड असते आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर अत्यंत बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. उघड्या खिडकीतून बाहेरचे थवे येणे ही काही भीतीची गोष्ट नाही. परंतु बंद खोलीत, खिडकीच्या तळाशी किंवा कपाटाच्या मागे गळालेल्या पंखांचा केर सापडला, तर ते प्राणी बाहेरून आले नसून घरातच कोठेतरी भिंतीच्या भेगेतून निघाले आहेत असे समजावे. वसाहत जुनी व पोसलेली असल्याखेरीज पंखवाली पिढी निघत नाही.

वाळवीच्या वाटेचा उगम शोधावयाचा तर पाण्याचा माग काढावा लागतो. ध्वनिसाम्यामुळे ‘वाळवी’ हा शब्द ऐकताच ‘वाळणे’ हे क्रियापद कोणालाही आठवेल. प्राण्याचा स्वभाव मात्र नेमका उलट आहे. कोरडेपणा हे तिचे मरण आणि ओल हे तिचे जीवन. प्राचीनांच्या हे चांगले लक्षात आले होते. अथर्ववेदातील एका विषनाशक सूक्तात या प्राण्याला ‘उपजीका’ म्हटले असून, कोरड्या प्रदेशात देवांनी तिच्यासाठी ओतलेल्या पाण्याचा तेथे निर्देश आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील दकार्गलाच्या अध्यायात भूमिगत पाण्याची जी लक्षणे दिली, त्यांत अमुक झाडाशेजारी वारूळ असेल तर अमुक दिशेस पाणी लागेल, असे निर्देश वारंवार येतात. विहीर खोदणाऱ्याला वारूळ पाणी दाखवीत असे. घर राखणाऱ्याने तेच ज्ञान उलट वापरावे आणि पाण्यावरून वाळवीची दिशा ओळखावी.

घरातील अशा जागा थोड्याच असतात आणि त्या बहुतेक ठरलेल्या असतात: मोरीची गळती, न्हाणीघराच्या भिंतीत मुरणारे पाणी, पन्हळीचे तोंड पायाशी सुटलेले असणे, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुंड्या, जोत्यालगत खचलेली फरशी. न्हाणीघराच्या दाराची चौकट सर्वांत आधी का जाते, याचे उत्तर येथे मिळते. चौकटीचे पाय फरशीच्या खाली मातीपर्यंत उतरलेले असतात आणि दोन्ही अंगांनी ओल असते. अशा ठिकाणी लाकूड बदलून गळती तशीच ठेवणे म्हणजे पाहुण्याला नवे ताट वाढणे होय.

दख्खनच्या पठारावर घरांतून व शेतांतून मुख्यतः आढळतात त्या ओडोंटोटर्मिस या वंशाच्या जाती. या लाकूड स्वतः पचवीत नाहीत. चघळलेल्या काष्ठाचा लगदा नेऊन त्यावर एका विशिष्ट बुरशीची लागवड करतात आणि तिच्यावर जगतात. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची फळे असून ती आवडीने खाल्ली जातात. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, आणि सातेरी देवीची उपासना वारुळाच्या रूपात होते. ज्या प्राण्याने चौकट खाल्ली त्याच्याच घराला हळदकुंकू वाहिले जाते, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. वारूळ हे भूमीच्या सुपीकतेचे चिन्ह होते आणि ते घराबाहेर होते. परसातील वारूळ वरून फोडून घर सुरक्षित होते ही समजूत मात्र सोडावी लागेल. राणीची कोठडी भूपृष्ठाखाली असते, वरचा मनोरा थोड्याच दिवसांत पुन्हा उभा राहतो. शिवाय घरात येणाऱ्या अनेक जातींना दिसेल असे वारूळच नसते.

जुन्या मराठी घराच्या रचनेकडे या दृष्टीने पाहिले तर तिच्यातील कित्येक गोष्टींचा अर्थ उलगडतो. घडीव दगडाचे उंच जोते, आणि लाकडी खांब थेट जमिनीत न पुरता तळखड्यावर उभा करण्याची पद्धत यांचा हेतू केवळ शोभा किंवा भार पेलणे एवढाच नव्हता. तळखडा लाकडाला मातीच्या स्पर्शापासून वर उचलतो. अर्थात दगडाने वाळवी थांबते असे नाही. दगडावरूनही ती नळी बांधून चढते. परंतु मग तिला उघड्या दगडावरून चढावे लागते, आणि सकाळी ओटा झाडणाऱ्या बाईच्या नजरेस ती मातीची रेघ पडते. जोत्याचे खरे कार्य वाळवीला अडविण्याचे नसून तिला उघडी पाडण्याचे आहे. भिंतीत जाणारी तुळयांची टोके डांबराने माखणे, काही भागांत लाकडाला बिब्ब्याचे तेल देणे, काजू पिकणाऱ्या प्रदेशात काजूच्या टरफलाचे तेल लावणे हे उपायही होते. ही तेले उग्र असतात, त्वचेला फोड आणतात आणि वाळवीलाही नकोशी वाटतात. मात्र ती पृष्ठभागापुरतीच असतात; पुढे लाकडाला चीर पडली की तिच्यातून आत शिरण्यास वाट मिळते.

सागवानाविषयीची श्रद्धा येथे थोडी तपासून घेतली पाहिजे. सागाच्या गाभ्यातील काही द्रव्ये वाळवीला प्रतिकार करतात, आणि शे-दीडशे वर्षांचे वासे आजही टिकून असल्याचे दिसते ते त्यामुळेच. परंतु हा गुण गाभ्याचा आहे, सालीलगतच्या फिकट लाकडाचा नव्हे. लवकर तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि फिकट लाकूड जास्त असते. ‘सागवानी’ हे विशेषण दोन्हींना सारखेच लागते. वाळवी मात्र तो भेद जाणते. दरवाजा खरेदी करताना नावापेक्षा फळीचा रंग पाहणे अधिक शहाणपणाचे.

आधुनिक घराची अडचण अशी की त्यात वाळवीची वाट झाकलेली असते. भिंतीला जोडून केलेली कपाटे, फरशीच्या कडेचे लाकडी पट्टे, ओट्याखालील प्लायवूडचे कप्पे, छताखालचे दुसरे खोटे छत, भिंतीत पुरलेल्या विजेच्या नळ्या: या सर्वांच्या मागे काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही. सिमेंटचे घर म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. एक मिलिमीटरहूनही अरुंद भेगेतून वाळवी वर येऊ शकते, आणि फरशी व भिंत यांच्या सांध्यावर अशी भेग पडल्यावाचून राहत नाही. वरच्या मजल्यावरील रहिवाशांनाही सूट नाही. नळांच्या व तारांच्या पोकळ्या सलग वरपर्यंत जातात, आणि कॉप्टोटर्मिससारख्या काही जातींना वर सतत ओल मिळाली तर त्या जमिनीशी संबंध न ठेवताही तेथे वसाहत टिकवू शकतात. गच्चीवरील गळकी टाकी ही अशा वसाहतीची दाई होय.

घर बांधावयाचे असेल तर विचार पायापासून करता येतो. भारतीय मानक संस्थेने, म्हणजे आजच्या भारतीय मानक ब्यूरोने, इमारतींच्या वाळवीपासून संरक्षणासाठी ‘आयएस ६३१३’ हे मानक १९७१ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याचे तीन भाग असून पहिला रचनात्मक उपायांचा, दुसरा बांधकामापूर्वीच्या रासायनिक उपचारांचा आणि तिसरा उभ्या इमारतींच्या उपचारांचा आहे. लोकांना दुसरा व तिसरा भाग ऐकून माहीत असतो, कारण त्यांत कंत्राटदाराचे काम आहे. पहिला भाग मात्र उपेक्षित राहिला आहे. वास्तविक सर्वांत टिकाऊ उपाय त्यातच आहेत. जागेवरील मुळे, खुंट आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात गाडले जाऊ नयेत, हा त्यांतील साधा पण सर्रास मोडला जाणारा नियम. जोत्याच्या माथ्यावर न गंजणाऱ्या धातूचा पत्रा बसवून तो भिंतीबाहेर सुमारे ५ सेंटीमीटर आडवा आणि पुढे तितकाच खाली तिरका वळवावा, असाही एक उपाय आहे. हे कार्य तळखड्यासारखेच आहे. पत्रा ओलांडण्यासाठी वाळवीला नळी उघड्यावर आणावी लागते.

हवाई बेटांवर याहून निराळा मार्ग अनुसरला गेला. तेथे पायाखाली बसाल्टच्या चाळलेल्या कणांचा थर पसरतात. कण साधारण १.७ ते २.४ मिलिमीटर आकाराचे ठेवलेले असतात. त्याहून बारीक असते तर वाळवीने ते जबड्यात धरून बाजूला केले असते, आणि जाड असते तर त्यांच्यामधील फटींतून तिचे अंग निघून गेले असते. विषाचा थेंबही न वापरता केवळ मापाने केलेला हा बंदोबस्त आहे. दख्खनचे पठार त्याच बसाल्टचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थात हे माप तेथील जातीच्या डोक्यावरून व जबड्यावरून ठरलेले आहे. आपल्याकडील जातींसाठी ते जसेच्या तसे उचलता येणार नाही.

रासायनिक उपचारांकडे वळताना आणखी एक शब्द अडवतो. मराठीत वाळवीवर ‘औषध मारतात’. उंदराचे औषध, ढेकणांचे औषध, पिकावरचे औषध. ज्या द्रव्याचे काम प्राण घेणे आहे त्याला आपण रोग बरा करणाऱ्या द्रव्याचे नाव दिले. घराला ‘बाधा’ झाली, तिच्यावर ‘औषध’ दिले, अशी ही ‘लागणे’ या क्रियापदातूनच निघालेली रूपकाची साखळी आहे. तिचा परिणाम असा की डबा उघडणाऱ्या मजुराला तो विषाचा डबा वाटत नाही, आणि गृहिणीला त्या दिवशी स्वयंपाकघर बंद ठेवावे असे सुचत नाही.

हे नुसते शब्दांचे पांडित्य नव्हे, हे मागील इतिहासावरून दिसेल. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्ड्रिन, डील्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये जमिनीत मुरविली जाऊ लागली. एकदा दिलेली मात्रा वर्षानुवर्षे टिकते हा त्यांचा गुण मानला गेला. तोच पुढे त्यांचा दोष ठरला. माती, पाणी, दूध आणि माणसाच्या शरीरातील चरबी यांत ती साठत जातात असे आढळून आले. भारतात आल्ड्रिन, क्लोर्डेन व हेप्टाक्लोर यांवर १९९६ साली बंदी आली, डील्ड्रिनचा वापर २००३ पासून थांबला, आणि लिंडेनचा २०१३ पासून. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या २००१ सालच्या स्टॉकहोम कराराने ज्या पहिल्या बारा द्रव्यांवर बोट ठेवले, त्यांत वाळवीसाठी वापरलेली ही पहिली चारही द्रव्ये होती. त्यांच्या जागी आलेले क्लोरपायरीफॉस हे मज्जातंतूंच्या कार्यास आवश्यक असलेल्या एका विकराला निष्प्रभ करते. किड्यांत आणि माणसांत ती क्रिया एकच आहे. मे २०२५ मध्ये त्याचाही समावेश, काही सवलती ठेवून, त्याच कराराच्या यादीत करण्याचा निर्णय झाला. तेव्हा काम सोपविताना द्रव्याचे नाव विचारणे, डब्यावरील मजकूर स्वतः वाचणे, आणि विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असल्यास ते आधी सांगणे हा घरमालकाचा अधिकारच आहे.

या द्रव्यांत एक भेद समजून घेण्यासारखा आहे. काही द्रव्ये वाळवीला दुरूनच जाणवतात आणि ती त्यांना टाळते. अशा द्रव्याचा थर सलग असेल तर तो कुंपणाचे काम करतो. कोठे खंड पडला तर वाळवी नेमकी तेथून आत येते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल यांसारखी दुसरी द्रव्ये तिला जाणवत नाहीत. ती त्यांतून चालते, लगेच मरत नाही, आणि अन्नाच्या देवघेवीतून व अंगस्पर्शातून ते विष इतरांपर्यंत पोहोचवते. वाळवी ‘एकवचनी’ आहे या गोष्टीचा हा उपयोग होय. हेक्साफ्लुम्युरॉनसारख्या आमिषांचे तत्त्वही तेच. कामकरी कात टाकण्याच्या वेळी नवे आवरण बनवू शकत नाहीत आणि वसाहत हळूहळू ओस पडते. मात्र बुरशी पिकविणाऱ्या जाती काष्ठमय आमिषाकडे फारशा वळत नाहीत, म्हणून दुसऱ्या देशांतील यशाची ग्वाही येथे तशीच लागू पडेल असे मानू नये.

बांधकामापूर्वीच्या उपचारात मानकाने सांगितलेली मात्रा साधारणपणे आडव्या पृष्ठभागासाठी चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या उभ्या बाजूंच्या भरावासाठी चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण अशी आहे. या आकड्यांची आठवण ठेवणे उपयुक्त, कारण पंधरा मिनिटांत पंपाने ‘शिंपडून’ संपणारे काम या हिशेबात बसत नाही. उभ्या घरात फरशी व भिंत यांच्या सांध्यालगत ठरावीक अंतराने बारीक छिद्रे पाडून त्यांतून द्रावण खालच्या मातीत सोडतात आणि छिद्रे बुजवतात. म्हणजे विष जाते ते मातीत, वाटेच्या तोंडाशी; चौकटीवर फवारा मारणे हा त्यातील गौण भाग. कारागीर येण्यापूर्वी सगळ्या नळ्या खरवडून काढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण वाटा कोठे आहेत हे सांगणारा तोच एक नकाशा असतो. एका नळीचा बोटभर तुकडा तेवढा मोडून पाहावा. दोन-चार दिवसांत तो पुन्हा जोडला गेला तर वाट चालू आहे. तसाच राहिला तर ती सोडून दिलेली आहे, निदान त्या ठिकाणी.

आतापर्यंतच्या विवेचनाला एक अपवाद आहे. मुंबई, कोकण व गोवा यांसारख्या दमट किनारी हवेत क्रिप्टोटर्मिस या वंशाची वाळवी आढळते. हिला जमिनीची गरज नसते. लाकडातील अल्प ओलीवरच ती जगते, नळ्या बांधीत नाही, आणि तिची सगळी वसाहत एखाद्या खुर्चीच्या पायात मावते. हिच्या बाबतीत ‘खुर्चीला वाळवी लागली’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. खूण म्हणजे लाकडाखाली पडणारे खसखशीएवढे, कोरडे, सहा कंगोऱ्यांचे दाणे. पिठासारखा मऊ भुगा आणि गोल छिद्रे दिसली तर ते काम भुंगेऱ्यांचे समजावे. या दोन्ही प्रसंगी जमिनीत विष ओतणे निरर्थक असते. तेवढी वस्तू वेगळी काढून तिच्यावरच उपचार करावा, आणि जुने सामान विकत घेताना ते घरात नेण्यापूर्वी पालथे करून पाहावे.

पुस्तके असणाऱ्या घराची चिंता थोडी निराळी असते. चौकट पुन्हा बसवता येते; हस्तलिखित, क्षेत्राभ्यासाच्या वह्या, शब्दांच्या टिपणपट्ट्या, जमिनीचे दस्तऐवज पुन्हा मिळत नाहीत. पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून पोथी राखण्याची विनंती करीत. त्या यादीत वाळवीचे नाव नसले तरी पाण्याच्या पोटात तिचा समावेश होतोच. ग्रंथांची कपाटे तळमजल्यावर बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. मागे हात जाईल एवढी जागा असावी आणि पायांखालून झाडता यावे. न्हाणीघराच्या मागची भिंत तर पूर्णपणे टाळावी. खोक्यांत बांधून जमिनीवर ठेवलेले कागद ही वाळवीला मिळालेली तयार बाग असते, आणि निवृत्त अभ्यासकांच्या घरी हेच चित्र वारंवार दिसते. कसर लागलेल्या पुस्तकावर वरवर कुरतडल्याच्या खुणा दिसतात. वाळवीने धरलेले पुस्तक बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ असते, म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन उघडला पाहिजे.

वाळवी सापडलीच तर ते पुस्तक ताबडतोब कपाटातून काढून फरशीवरील कोरड्या पांढऱ्या कागदावर उभे करून ठेवावे. जमिनीशी असलेला संबंध तुटल्यावर त्यातील वाळवी फार काळ तग धरत नाही. ओले फडके लावू नये, कडक उन्हात टाकू नये, रॉकेल तर मुळीच लावू नये. पानांवरची माती ओली असताना ओढली तर अक्षरेही तिच्याबरोबर निघून येतात. ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी, मग मऊ कुंचल्याने शिवणीकडून कडेकडे झाडावी, आणि चिकटलेली पाने त्यानंतरच एकेक करून सोडवावीत. कपाटाच्या मागची भिंत मात्र त्याच दिवशी पाहावी.